यंत्राच्या कर्माचा कर्ता कोण?

संस्कृत व्याकरणाचे अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्यास कारकप्रकरणात एक विचार भेटतो, आणि तो पुढे जन्मभर उपयोगी पडतो. क्रियेच्या सिद्धीला अनेक कारके लागतात. त्यांपैकी जो स्वतंत्र असतो तो कर्ता, असे पाणिनीचे मत आहे. लाकूड तोडणारा मनुष्य कर्ता आणि कुऱ्हाड हे करण. परंतु बोलणारा कधी कधी म्हणतो, "ही कुऱ्हाड फार सुरेख तोडते." येथे मनुष्य दिसेनासा झाला आणि कुऱ्हाड कर्त्याच्या आसनावर जाऊन बसली. वैयाकरणांना हे ठाऊक होते व त्यांनी त्यास अनुमतीही दिली; कारण कोणते कारक कर्ता म्हणून सांगावयाचे, हे बोलणाऱ्याच्या विवक्षेवर अवलंबून असते. मात्र विवक्षेने वाक्य बदलते, वस्तुस्थिती बदलत नाही. कुऱ्हाडीला कर्तेपण दिले म्हणून चोरट्या जंगलतोडीचा दंड कुऱ्हाडीकडून कोणी वसूल करीत नाही.

अलीकडील पन्नाससाठ वर्षांत जगातील सर्व भाषांत एक नवे वाक्य रूढ झाले आहे: "संगणकाने चूक केली." बँकेतील कारकून ते म्हणतो, विजेच्या बिलाच्या खिडकीवरील मनुष्य म्हणतो, रुग्णालयातही ते ऐकू येते. व्याकरणाच्या दृष्टीने हे कुऱ्हाडीच्या वाक्याहून निराळे नाही. परंतु कुऱ्हाडीच्या वाक्याने कोणी फसत नाही, आणि या वाक्याने मोठमोठ्या संस्था, न्यायालये, किंबहुना ज्यांनी ते यंत्र घडविले ते विद्वान सुद्धा फसले आहेत. म्हणून या वाक्याचा विचार शब्दशास्त्राच्या नव्हे, तर धर्मविचाराच्या अंगाने करणे अवश्य झाले आहे. ज्या विद्येचा यात संबंध येतो तिला सॉफ्टवेअर अभियांत्रिकी असे म्हणतात. 1968 च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेने हे नाव मुद्दाम पुढे केले, आणि संगणकाच्या आज्ञावल्या पूल किंवा इमारती यांच्याइतक्या विश्वासार्ह का नसाव्यात, असा प्रश्न विचारला. त्या विद्येतील संशोधनाचा फार मोठा भाग आजही याच एका प्रश्नाभोवती फिरत आहे.

या विद्येच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की ते वाचल्यावाचून कर्तृत्वाचा विचार पुरा होत नाही. कॅनडातील एका सरकारी कंपनीने, अॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेडने, कर्करोगाच्या उपचारासाठी थेराक-25 नावाचे किरणोपचाराचे यंत्र तयार केले. अशी अकरा यंत्रे बसविण्यात आली. पाच अमेरिकेत व सहा कॅनडात. जून 1985 ते जानेवारी 1987 या काळात त्यांच्या हातून सहा रुग्णांना भयंकर प्रमाणात अधिक किरणमात्रा दिली गेली. त्यांतील काही मृत्यू पावले, काहींचे अवयव निकामी झाले. 1993 मध्ये नॅन्सी लेव्हेसन व क्लार्क टर्नर या दोन संशोधकांनी या प्रकरणाचा सविस्तर शोध प्रसिद्ध केला. आज या विषयाच्या अभ्यासक्रमांत तो जगभर वाचला जातो.

यंत्राची रचना थोडक्यात अशी. त्यातून दोन प्रकारचा उपचार होई. एकात इलेक्ट्रॉनचा सौम्य झोत सरळ रुग्णावर सोडावयाचा. दुसऱ्यात सुमारे शंभरपट प्रखर झोत एका धातूच्या लक्ष्यावर आपटून त्यातून क्ष-किरण काढावयाचे व ते गाळणीतून पसरवून रुग्णापर्यंत पोचवावयाचे. कोणती वस्तू झोताच्या वाटेत ठेवावयाची हे एका फिरत्या तबकडीने ठरे. तेव्हा प्रखर झोत सुरू असताना लक्ष्य व गाळणी वाटेत नसणे, यासारखा दुसरा अनर्थ नव्हता. या यंत्राच्या आधीच्या पिढीत, म्हणजे थेराक-20 मध्ये, असा अनर्थ घडू नये म्हणून यांत्रिक व विद्युत अडसर होते. तबकडी योग्य जागी नसेल तर झोत सुटूच शकत नसे. थेराक-25 मध्ये हे अडसर काढून टाकण्यात आले व त्यांचे काम आज्ञावलीवर सोपविण्यात आले. ती आज्ञावली एकाच मनुष्याने अनेक वर्षांत, जुन्या थेराक-6 च्या आज्ञावलीवरून वाढवीत वाढवीत लिहिली होती.

टेक्सासमधील टायलर गावच्या रुग्णालयात 21 मार्च 1986 रोजी जे घडले ते असे. यंत्र चालविणाऱ्या बाईने रुग्णाची माहिती टंकित केली. इलेक्ट्रॉनच्या अक्षराऐवजी क्ष-किरणाचे अक्षर तिच्या हातून पडले. नेहमीच्या सरावाने तिने वर जाऊन ते सुधारले आणि भराभर पुढे गेली. चुंबके स्थिरस्थावर होण्यास सुमारे आठ सेकंद लागत, आणि त्या आठ सेकंदांत केलेली दुरुस्ती आज्ञावलीच्या एका भागास कळे, दुसऱ्यास कळत नसे. पडद्यावर सर्व काही बरोबर दिसत होते. तिने झोत सोडला. यंत्र थांबले व "मालफंक्शन 54" एवढे दोन शब्द उमटले. त्यांचा अर्थ तिला दिलेल्या पुस्तिकेत नव्हता. मात्रा कमी पडली असे यंत्र सांगत होते, आणि अशा थांबण्याची तिला सवय होती. कधी कधी दिवसाला चाळीस वेळा यंत्र असे अडे. तिने पुन्हा कळ दाबली. आतल्या खोलीतील रुग्णास पहिल्याच झोताने विजेचा धक्का बसल्यासारखे, पाठीवर कढत कॉफी ओतल्यासारखे झाले होते. तो उठू लागला तोच दुसरा झोत त्याच्या हातावर बसला. आतले दृश्य दाखविणारे चित्रयंत्र त्या दिवशी जोडलेले नव्हते, आवाजाचे यंत्रही बिघडलेले होते. 180 रॅड मात्रा द्यावयाची होती. दिली गेली ती पुढील अनुमानानुसार 16,500 ते 25,000 रॅड, आणि तीही एका सेकंदाहून कमी काळात. पाच महिन्यांनी तो मनुष्य वारला.

येथे कर्ता कोण? जिच्या बोटाने कळ दाबली ती बाई? ज्याने आज्ञावली लिहिली तो अज्ञात लेखक? ज्याने अडसर काढण्याचा निर्णय घेतला तो? चित्रयंत्र बंद असता उपचार चालू ठेवणारे रुग्णालय? यंत्रास परवानगी देणारे सरकारी खाते? प्रत्येकाचा हात त्या कर्मात आहे, आणि प्रत्येकाने "मी एकट्याने हे केले नाही" असे म्हटल्यास ते खोटे नाही. हेलेन निसेनबॉम या विदुषीने 1990 नंतरच्या दशकात या स्थितीचे विवेचन करताना अनेक हातांचा प्रश्न असे तिचे वर्णन केले. हात अनेक झाले की दोष वाटला जातो आणि वाटता वाटता नाहीसा होतो. दोष हा नित्याचाच आहे, यंत्रानेच चूक केली, आणि मालकी आमची परंतु जबाबदारी नाही, असे आणखी तीन अडथळेही तिने मांडले.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. केवळ स्वतःसच कर्ता समजणाऱ्याची दृष्टी तेथे अपुरी मानली आहे. वरवर पाहता थेराकच्या प्रकरणास हा विचार हुबेहूब लागू पडतो, आणि येथेच एक मोठा धोका आहे. "पाच कारणे होती, मी त्यांपैकी एक, तेव्हा माझ्यावर काय ठपका?" असा अर्थ कोणी काढील तर तो त्या उपदेशाचा विपर्यास होईल. हा विचार अर्जुनास कर्मापासून सोडविण्यासाठी सांगितलेला नाही. कर्म करीत असता "मी"चा ताठा सोडावा यासाठी सांगितला आहे. ताठा सोडणे आणि अंग काढून घेणे या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिली गोष्ट करणारा मनुष्य आपल्या चुकीची शक्यता आधी मान्य करतो, दुसरी करणारा घटना घडून गेल्यावर कारणांची यादी पुढे ठेवतो. (यंत्रास अहंकार नसतो, म्हणून ते कर्माने लिप्त होत नाही, असे एखादा विनोदी मनुष्य म्हणेल. अहंकार दगडालाही नसतो. नसणे आणि टाकणे यांत भेद आहे एवढेच त्यावर म्हणता येईल.)

नैयायिकांनी या बाबतीत एक चांगले साधन देऊन ठेवले आहे. घट निर्माण होतो तेव्हा कुंभार, चाक, दंड व माती ही त्याची कारणे. परंतु कुंभाराचा बाप किंवा माती वाहून आणणारे गाढव यांना घटाचे कारण म्हणत नाहीत. ते अन्यथासिद्ध, म्हणजे उपस्थित असूनही कारणतेच्या बाहेरचे. अनेक हातांच्या प्रश्नात पहिले काम हेच आहे: कोणते हात खरोखर कारण आहेत आणि कोणते केवळ जवळपास आहेत हे निवडणे. आणि निवडीची कसोटी कोणती? निदान मनुष्यांच्या बाबतीत तरी ती दुहेरी असावी लागते. ज्याला कळू शकत होते आणि जो बदलू शकत होता, तो कारणांतून सुटत नाही. टायलरच्या त्या बाईस कळण्याचा मार्ग नव्हता. पडदा तिला बरोबर अक्षर दाखवीत होता, पुस्तिका गप्प होती, आणि यंत्र अधिक मात्रा देऊच शकत नाही असे तिला सांगण्यात आले होते. तिचे बोट त्या कर्मात दंडाइतके जवळ होते, तरी तिला दोषी धरणे म्हणजे कुंभाराला सोडून दंडाला धरणे होय.

या प्रकरणातील खरा नैतिक दोष आज्ञावलीतील चुकीत नाही, हे म्हणणे प्रथम विचित्र वाटेल. परंतु चूक होणे हा मनुष्याचा स्वभाव आहे. हजारो ओळी लिहिणाऱ्याच्या हातून ती होणारच. गंमत अशी की जुन्या थेराक-20 मध्येही हीच चूक होती. शिकागो येथे नवे शिकाऊ विद्यार्थी यंत्रावर आले की त्याचे फ्यूज उडत, कारण ते वेडेवाकडे टंकन करीत. फ्यूज उडे, यंत्र थांबे, कोणाचे काही बिघडत नसे. तेथे चूक होती पण अडसरही होता. नव्या यंत्रात अडसर गेला. जो मनुष्य पुलाचा कठडा काढतो, त्याने त्या कठड्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतलेले असते, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो. कंपनीने 1983 मध्ये यंत्राच्या सुरक्षिततेची छाननी केली होती. तीत आज्ञावलीतील दोष गृहीतच धरले नव्हते. आज्ञावली झिजत नाही, जुनी होत नाही, असे कारण त्यासाठी देण्यात आले. हे वाक्य खरे आहे. आणि खरे असूनही ते किती घातक ठरू शकते ते येथे दिसते. आज्ञावली झिजत नाही, कारण तिच्यातील दोष पहिल्या दिवसापासून पूर्ण वयाचा असतो.

दुसरा दोष याहून गंभीर. जून 1985 च्या पहिल्या घटनेपासून रुग्णालये विचारीत होती: हे यंत्र अधिक मात्रा देऊ शकते काय? उत्तर येई, शक्य नाही. हॅमिल्टन येथील दुसऱ्या घटनेनंतर कंपनीने एका लहानशा विद्युत-कळीवर संशय घेतला, तीत सुधारणा केली, आणि सुरक्षितता लाखपटीने वाढली असे कळविले. त्या कळीचा दोष कधी सिद्ध झालाच नव्हता. टायलरच्या पहिल्या घटनेनंतर आलेल्या अभियंत्यांना बिघाड पुन्हा घडवून दाखविता आला नाही, म्हणून यंत्र पुन्हा सुरू झाले, आणि 11 एप्रिल रोजी त्याच रुग्णालयात, त्याच बाईच्या हातून, दुसऱ्या रुग्णावर तोच प्रसंग आला. तेव्हा रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ व ती बाई यंत्रापुढे बसून राहिली. तिला काय काय टंकित केले ते आठवत होते. तेच तेच पुन्हा करता करता त्यांना उमगले की अक्षरांत काही नाही, वेगात आहे. सरावलेल्या बोटांच्या वेगाने दुरुस्ती केली की "मालफंक्शन 54" हमखास उमटते. ज्या दोषाचा पत्ता यंत्र घडविणाऱ्यांना लागला नाही, तो यंत्र वापरणाऱ्या बाईच्या स्मरणाने व त्या शास्त्रज्ञाच्या चिकाटीने लागला. तक्रार करणाऱ्याजवळ ज्ञान असते, हे ज्यांना मान्य नसते त्यांच्या हातून असे घडते.

याच जातीचे एक उदाहरण युद्धातले आहे. 25 फेब्रुवारी 1991 रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकी सैन्याच्या पेट्रियट यंत्रणेस येणारे क्षेपणास्त्र अडविता आले नाही व 28 सैनिक मारले गेले. एक दशांश सेकंद ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. ती कोठेतरी कापावी लागते. त्या कापलेल्या शेपटाची चूक शंभर तास सतत चालल्यावर सुमारे 0.34 सेकंद इतकी साचली होती. हा दोष कळला नव्हता असे नाही. इस्राएलकडून आलेल्या माहितीवरून तो दोन आठवडे आधी कळला होता, दुरुस्त आज्ञावलीही तयार झाली होती. तळावरील लोकांना असे कळविण्यात आले की यंत्रणा फार वेळ चालू ठेवल्यास अडचण येईल. "फार वेळ" म्हणजे किती, हे मात्र कोणी सांगितले नाही. दुरुस्त आज्ञावली धाहरानला 26 तारखेला पोचली. या प्रसंगात गणित चुकले ते फार थोडे. जास्त चुकला तो शब्द.

तर मग चूक आधीच कळावी, एवढेच नव्हे तर ती नाहीच असे सिद्ध करता यावे, यासाठी विद्वानांनी काय केले? परीक्षणाने दोष आहेत हे कळते, दोष नाहीत हे कळत नाही, ही गोष्ट डच गणिती डायक्स्ट्रा याने पूर्वीच बजावली होती. अनुमानशास्त्र शिकलेल्यास यात नवल वाटणार नाही. शंभर ठिकाणी धूर व अग्नी एकत्र पाहिल्याने व्याप्ती सिद्ध होत नाही, व्यभिचाराचे एक उदाहरण मात्र ती मोडून टाकते. म्हणून टोनी होर याने 1969 मध्ये आज्ञावलीविषयी गणितासारखी सिद्धता देण्याची पद्धती मांडली. चाळीस वर्षांनी, 2009 मध्ये, ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एसईएल-4 नावाच्या संगणकीय गाभ्याची पूर्ण सिद्धता प्रसिद्ध केली. मूळ आज्ञावली सुमारे 8,700 ओळींची, आणि तिच्या सिद्धतेचा मजकूर सुमारे दोन लाख ओळींचा. सूत्रापेक्षा भाष्य मोठे असणे हे आपल्याकडे अपरिचित नाही, तरी हे प्रमाण पतंजलीलाही थक्क करील.

हे कार्य थोर आहे यात संशय नाही. परंतु सिद्धता कशाची, हे विचारले पाहिजे. आज्ञावली दिलेल्या प्रतिज्ञेप्रमाणे वागते, एवढेच तीत सिद्ध होते. प्रतिज्ञा योग्य होती काय, हे सिद्धतेच्या बाहेर राहते. 4 जून 1996 रोजी युरोपचे एरियान-5 अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे 40 सेकंदांत नष्ट झाले. त्यातील दिशादर्शक आज्ञावली एरियान-4 मधून तशीच घेतली होती. तेथे ती निर्दोष होती. नवे अग्निबाण अधिक वेगाने आडवे जाई, त्यामुळे एक संख्या तिच्यासाठी ठेवलेल्या सोळा अंशांच्या घरात मावेना. आणि ज्या गणनेत ही चूक झाली, तिचा उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता. जुन्या यानाच्या सोयीसाठी ती चालू ठेवण्याची रीत होती, ती नव्यातही चालू राहिली. एका आश्रमाचा धर्म दुसऱ्या आश्रमात अधर्म होतो हे सांगण्यास शास्त्रकार थकले नाहीत, पण ते यंत्रांनाही लागू पडेल असे त्यांना वाटले नसेल.

आता प्रमाणाचा प्रश्न. शब्द हे प्रमाण मानावयाचे तर तो आप्ताचा असावा लागतो. ज्याला वस्तू यथार्थ ठाऊक आहे आणि ती तशीच सांगण्याची इच्छा आहे, तो आप्त. यंत्रास इच्छा नाही, तेव्हा ते खोटे बोलणार नाही, हे लोकांना पटते. आणि एवढ्यावरून ते आप्त ठरते असा त्यांचा समज होतो. या समजाने ब्रिटनमध्ये जे घडले ते थेराकपेक्षाही अधिक लोकांस भोवले. तेथील टपालखात्याच्या शाखांत 1999 पासून होरायझन नावाची हिशेबाची संगणकयंत्रणा बसविण्यात आली. खेड्यापाड्यांतून टपालदुकान चालविणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या हिशेबात ती यंत्रणा तूट दाखवू लागली. त्यांनी फोन केले, पत्रे लिहिली. घरचे पैसे घालून तूट भरली. 1984 च्या कायद्याप्रमाणे संगणकाचा पुरावा देणाऱ्यास तो संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. 1999 मध्ये ते कलम रद्द झाले आणि यंत्र नीट चालत होते असे न्यायालय गृहीत धरू लागले. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर, आणि सिद्ध करण्याची साधने फिर्यादीजवळ! 1999 ते 2015 या काळात नऊशेंहून अधिक टपालदुकानदार चोरी, अफरातफर, खोटा हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींचे संसार धुळीस मिळाले. यंत्रणेत दोष होते असा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने 2019 मध्ये दिला, आणि 2024 मध्ये संसदेस कायदा करून या शिक्षा एकत्रितपणे रद्द कराव्या लागल्या.

येथे "संगणकाने चूक केली" हे वाक्य कोणी म्हटले असते तर ते पुण्यकारक ठरले असते. ते कोणी म्हटले नाही. यंत्र चुकून मनुष्य मेला तेव्हा यंत्राला कर्ता करावयाचे, आणि यंत्राचा हिशेब मनुष्याच्या हिशेबाशी जुळला नाही तेव्हा मनुष्याला कर्ता करावयाचे. विवक्षा बदलते ती अशी, आणि बहुधा दुर्बळाच्या विरुद्ध बदलते.

आजचे संशोधन ज्या यंत्रांकडे वळले आहे त्यांनी हा प्रश्न आणखी कठीण केला आहे. थेराकमध्ये अखेरीस बोट ठेवावयास एक ओळ सापडली. जानेवारी 1987 मध्ये याकिमा येथे घडलेल्या शेवटच्या अपघाताचे कारण तर इतके नेमके सापडले की ते शाळकरी मुलास सांगता येईल: 255 पर्यंतच मोजू शकणाऱ्या एका घरात दर फेरीस एक मिळविला जाई, 256 व्या फेरीस तेथे शून्य येई, आणि शून्य म्हणजे "तपासणी नको" असा अर्थ ठरलेला होता. परंतु जी यंत्रे उदाहरणांवरून स्वतः शिकतात, त्यांत अशी ओळच नसते. लक्षावधी, कोट्यवधी संख्या असतात, आणि त्यांपैकी कोणतीही एक दोषी नसते. 18 मार्च 2018 रोजी अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात स्वयंचलित मोटारीच्या चाचणीत, हातात सायकल धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री ठार झाली. मोटारीस ती 5.6 सेकंद आधी दिसली होती. परंतु ती वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, हे यंत्र सारखे बदलत राहिले. ठरलेल्या जागेखेरीज मनुष्य रस्ता ओलांडील ही शक्यताच त्या रचनेत धरलेली नव्हती. मोटारीत देखरेखीसाठी बसविलेली स्त्री त्या वेळी फोनकडे पाहत होती. खटला तिच्यावर झाला, आणि 2023 मध्ये तिने दोष कबूल केल्यावर तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही.

त्या स्त्रीचा दोष नव्हता असे नाही. टायलरच्या बाईप्रमाणे तिला निर्दोष म्हणता येणार नाही. परंतु व्याकरणातील प्रयोजक कर्त्याची येथे आठवण होते. देवदत्त यज्ञदत्ताकडून भात शिजवून घेतो तेव्हा शिजविणारा यज्ञदत्त कर्ता आहेच. पण शिजविण्यास लावणारा देवदत्तही कर्ता आहे, आणि यज्ञदत्ताच्या कर्तेपणाने देवदत्ताचे कर्तेपण उणे होत नाही. तासन्‌तास काहीच न करता यंत्राकडे पाहत बसावे आणि एका क्षणी डोळ्याचे पाते लवण्याच्या आत सावध व्हावे, हे काम मनुष्यस्वभावास पेलणारे नाही, हे काम नेमून देणाऱ्यास कळू शकत होते, आणि तोच ते बदलू शकत होता. कारण दाखविणारी यंत्रे कशी घडवावीत, यंत्राने स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीची जबाबदारी कोणी घ्यावी, हे प्रश्न आज अनेक विद्यापीठांत अभ्यासिले जात आहेत. त्यांची तांत्रिक उत्तरे मिळोत किंवा न मिळोत, जोवर उत्तर नाही तोवर ते यंत्र रस्त्यावर आणावयाचे की नाही, हा निर्णय यंत्र घेत नाही. तो निर्णय कोठल्यातरी खोलीत, कोणीतरी, सही करून घेतो.

थेराकची आज्ञावली लिहिणाऱ्या मनुष्याने 1986 मध्ये कंपनी सोडली. पुढे खटले झाले तेव्हा त्याचे शिक्षण किती होते व अनुभव काय होता, हे वकिलांनी विचारले. कंपनीच्या लोकांस ते सांगता आले नाही.